कुत्र्याच्या वाढदिवसाची भेट: केक नको, लस द्या

कुत्र्याचा वाढदिवस साजरा करणाऱ्यांना हसणारे लोक पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. ज्या मातीत बैलपोळा साजरा होतो, तिथे मुक्या जनावराचं कौतुक करायला एक दिवस काढला तर त्यात नवल ते काय? फक्त पोळ्याची एक गोष्ट लक्षात घ्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. वर्षभर जुवाखाली राबलेले बैलाचे खांदे हळद-तूप लावून चोळतात. झूल, बेगड, शिंगांचा रंग हे सगळं नंतर. आधी जिथे दुखतं, तिथे हात जातो. शेतकऱ्याला बैलाचं नेमकं काय दुखतं हे ठाऊक असतं.

आपल्या फ्लॅटमधल्या कुत्र्याच्या वाढदिवसाला मात्र आपण झुलीपासून सुरुवात करतो. शेरवानी, टोपी, हाडाच्या आकाराचा केक, फुगे, फोटो. हे सगळं आपल्या हौसेचं आहे आणि हौस करायला माझी हरकत नाही. पण त्या दिवशी हजार-दोन हजार रुपये खर्च होणारच असतील, तर ते कुठे खर्च व्हावेत याबद्दल माझं एक ठाम मत आहे, आणि ते मी माणसांचा डॉक्टर म्हणून मांडतो आहे. कुत्र्याच्या आजारावरचे उपचार हा पशुवैद्यकांचा प्रांत आहे, त्यात मी शिरणार नाही. पण कुत्र्यामुळे माणसाला होणारे आजार माझ्याकडे येतात, आणि त्यातले बरेचसे कुत्र्याच्याच तब्येतीकडे वेळेवर लक्ष दिलं तर टळतात.

तर पहिली भेट रेबीजची लस. दरवर्षी, न चुकता.

तुम्ही म्हणाल, ही काय भेट झाली? ही तर करायचीच गोष्ट आहे. मान्य. पण "करायची गोष्ट" आणि "केलेली गोष्ट" यात किती अंतर असतं, ते कुत्रा चावल्यावर दवाखान्यात आलेल्या माणसाला लसीचं कार्ड मागितलं की कळतं. पिल्लू आणलं तेव्हा उत्साहात दोन-तीन इंजेक्शनं झालेली असतात. पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची पहिली लस, मग बूस्टर, आणि त्यानंतर आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दरवर्षी एक. पहिल्या वर्षी सगळं नीट होतं. दुसऱ्या वर्षी घर बदललं, तिसऱ्या वर्षी मुलाची दहावी होती, चौथ्या वर्षी "तो कुठे बाहेर जातो?" असं कुणीतरी म्हटलं. कार्डावरची शेवटची तारीख बघितली तर चार वर्षांपूर्वीची. आणि याच चार वर्षांत वाढदिवसाचे केक मात्र चार कापले गेलेले असतात. म्हणूनच मी म्हणतो, या दोन गोष्टी एकमेकींना बांधून टाका. वाढदिवस विसरत नाही ना? मग लसही विसरणार नाही.

एक व्यवहाराची सूचना. लस पार्टीच्या दिवशीच टोचू नका. लसीनंतर एखादा दिवस कुत्रा मरगळतो, अंग कोमट लागतं, टोचलेल्या जागी दुखतं. अशा वेळी त्याच्याभोवती दहा पोरं नाचवणं चूक. आठवडाभर आधी उरकून घ्या.

"तो बाहेर जात नाही" हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. तुमचा कुत्रा बाहेर जात नसेल, पण बाहेरची मांजर गच्चीतून आत येते, बंगल्याच्या आवारात मुंगूस फिरतं, जिन्याखाली भटक्या कुत्रीने पिल्लं घातलेली असतात. रेबीजचा विषाणू या सगळ्यांमध्ये असू शकतो. आणि रेबीज हा असा आजार आहे की लक्षणं सुरू झाल्यावर माझ्यासारख्या डॉक्टरच्या हातात जवळजवळ काहीच राहत नाही. पाण्याचा ग्लास तोंडाजवळ नेताच घशाच्या स्नायूंना येणारे झटके, वाऱ्याच्या झुळकेनेही दचकणारा, पूर्ण शुद्धीवर असलेला रुग्ण. हे दृश्य शिकाऊ डॉक्टर एकदाच बघतो आणि आयुष्यभर विसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात, त्यातला मोठा वाटा भारताचा, आणि बळींमध्ये सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत तो कुत्र्याकडून आलेला असतो. लुई पाश्चरने १८८५ साली माणसावर पहिल्यांदा लस वापरली, त्याला आता १४० वर्षं झाली. इतक्या जुन्या, इतक्या खात्रीच्या उपायानंतरही माणसं मरतात, ती बहुतेक वेळा लस नव्हती म्हणून नाही, तर घेतली नाही किंवा उशिरा घेतली म्हणून.

आता जरा विषयांतर करतो, पण ते केल्याशिवाय पुढे जाववत नाही. वाढदिवसाच्या गर्दीत कुत्रा चावण्याची किंवा ओरखडण्याची शक्यता रोजच्यापेक्षा जास्त असते. फुगे फुटतात, आवाज होतो, अनोळखी मुलं त्याच्या गळ्यात पडतात, त्याच्या तोंडासमोरचं खाणं उचलतात. लहान मुलाची उंचीच अशी असते की चावा हातापायाला न लागता चेहऱ्याला लागतो. असं झालं तर काय करायचं?

जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. एवढ्या एका कृतीने विषाणूचं प्रमाण खूप कमी होतं. मग पोव्हिडोन आयोडीनसारखं जंतुनाशक लावायचं. हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू, तेल यातलं काहीही लावायचं नाही. पट्टी घट्ट बांधायची नाही. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. "टीटी घेतलं, आता काळजी नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते लिहूनच टाकतो: टीटीचं इंजेक्शन धनुर्वातासाठी असतं. त्याचा रेबीजशी काडीचा संबंध नाही.

आणखी एक, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती आता घराबाहेर काढा. ती जुनी लस होती, तिचं उत्पादन आपल्या देशात २००४ अखेर थांबलं. आताची लस दंडात घेतात. स्नायूत घ्यायची असेल तर साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी. सरकारी रुग्णालयात बहुधा त्वचेत देतात, त्याचे दिवस ०, ३, ७ आणि २८. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीच्या जोडीला जखमेत आणि जखमेभोवती आयती प्रतिपिंडं देणारं इंजेक्शनही लागतं. लसीचा परिणाम दिसायला काही दिवस जातात, तोवरचं संरक्षण ते इंजेक्शन करतं. म्हणून "लस घेतली ना, मग ते महागडं कशाला" असा हिशोब करू नका.

"पण डॉक्टर, आमच्याच कुत्र्याने चावलंय आणि त्याला लस दिलेली आहे" हेही नेहमीचं. उत्तर असं, की कुत्र्याला लस दिली म्हणजे धोका खूप कमी झाला, शून्य झाला असं छातीठोक सांगता येत नाही. लस थंड ठेवली होती का, बूस्टर झाला होता का, हे कार्डावरून नेहमी कळत नाही. म्हणून उपचार सुरू करायचे आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. दहा दिवस तो खाऊन-पिऊन ठणठणीत राहिला, तर पुढचे डोस कसे द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. आधी दहा दिवस बघू आणि मग लस घेऊ, हा उलटा क्रम मात्र जिवावर बेतू शकतो.

घरात कुत्रा आहे आणि लहान मुलंही आहेत, तर चावा होण्याच्या आधीच मुलांना रेबीजची लस देऊन ठेवावी का, हे मुलांच्या डॉक्टरांना जरूर विचारा. माझं मत विचाराल तर द्यावी. अशी लस झालेल्या मुलाला पुढे कधी कुत्रा चावलाच तर ० आणि ३ या दिवशीच्या दोन डोसांवर भागतं आणि जखमेतलं ते दुखणारं इंजेक्शन लागत नाही. मुलं ओरखडा लपवतात. ओरडा बसेल म्हणून, किंवा कुत्र्याला घालवून देतील म्हणून. आधी दिलेली लस हा लपवालपवीवरचा चांगला उतारा आहे.

भेट म्हणून पिल्लूच देणारेही असतात. मुलाच्या वाढदिवसाला रस्त्यावरचं किंवा कुठल्या तरी ओळखीच्याकडचं महिना-दीड महिन्याचं पिल्लू घरी येतं. ते गोड असतं, दात शिवशिवत असतात, सगळ्यांची बोटं चावतं. एवढ्याशा पिल्लाला कसला आलाय रेबीज, असं सगळ्यांना वाटतं. पिल्लालाही रेबीज होतो. त्याची लस अजून झालेली नसते, आईचा पत्ता नसतो. तेव्हा पिल्लाच्या दातांचे ओरखडे दाताचेच समजा, गंमत समजू नका.

आता खाण्याकडे वळू. कुत्र्याला वाढदिवसाला गोड खायला घालणारे बहुतेक लोक प्रेमानेच घालतात, आणि घात तिथेच होतो.

चॉकलेट कुत्र्याला विषारी आहे हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं, पण का, हे माहीत नसतं. कोकोमध्ये थिओब्रोमीन नावाचा द्रव्य असतो, कॅफिनचा भाऊबंद. माणसाचं यकृत तो काही तासांत निकालात काढतं. कुत्र्याच्या शरीरात तो निम्मा व्हायलाच सतरा-अठरा तास लागतात. वजनाच्या किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम पोटात गेला की उलट्या, अस्वस्थपणा सुरू होतो, ४०-५० च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या आसपास झटके येऊ शकतात. डार्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५ मिलिग्रॅम धरा. म्हणजे आठ किलोच्या पगने पन्नास ग्रॅमची वडी संपवली तर तो त्रासाच्या हद्दीत गेलाच. दुधाच्या चॉकलेटमध्ये प्रमाण कमी, कोको पावडरमध्ये सगळ्यात जास्त. "आमच्या टॉमीने मागच्या वर्षी खाल्ला होता केक, काही झालं नाही" यावर विसंबू नका. त्या केकमध्ये बहुधा कोको नावालाच असेल.

द्राक्षं आणि बेदाणे यांचा धोका मात्र अजूनही लोकांना नवा वाटतो. नाशिक, सांगली, तासगावकडच्या घरात तर हे कायम हाताशी. शिऱ्यात बेदाणे, केकमध्ये मनुका. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं एवढ्याने बंद पडतात. कुणाची पडतील आणि किती खाल्ल्याने, याचा नेम नाही. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे त्यामागचं कारण असावं, असा अलीकडे दाट संशय आहे. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचेची आमटी, पाणीपुरीचं पाणी यांपासूनही कुत्रा लांबच बरा.

माझ्या मधुमेही रुग्णांसाठी एक खास इशारा. तुमच्या घरात साखरेला पर्याय म्हणून आणलेल्या वस्तू असतात, आणि काही शुगर-फ्री च्युइंगम, गोळ्या, बेकरीचे पदार्थ, पीनट बटर यांत झायलिटॉल असतं. तुमच्या-माझ्या शरीरात झायलिटॉलने इन्शुलिन फारसं वाढत नाही, म्हणून तर ते आपल्याला चालतं. कुत्र्याच्या स्वादुपिंडाला मात्र ते साखरेसारखं वाटतं आणि ते भसाभसा इन्शुलिन सोडतं. अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर इतकी खाली येते की कुत्रा झोकांड्या खातो, झटके येतात. जास्त खाल्लं तर यकृत निकामी होतं. लहान कुत्र्याला च्युइंगमच्या एक-दोन गोळ्याही पुरतात. "कुत्र्याला साखर चांगली नाही म्हणून शुगर-फ्री केक आणला" असं करणाऱ्यांनी वेष्टनावरची बारीक अक्षरं आधी वाचावीत.

कांदा-लसणाने त्याच्या तांबड्या पेशी फुटतात, तेव्हा आपला मटणाचा रस्सा त्याच्यासाठी नाही. शिजवलेली हाडं ठिसूळ होऊन टोकदार तुकडे पडतात आणि आतडं फाडतात, तेव्हा ताटातली हाडंही नाहीत. आणि वाढदिवसाचा संबंध नसला तरी सांगून ठेवतो: कुत्रा लंगडतोय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेन त्याला देऊ नका.

मग द्यायचं काय? उकडलेली कोंबडी, हाडं काढून, मीठ-मसाला न घालता. उकडलेलं अंडं. गाजराचा तुकडा, बिया काढलेलं सफरचंद, थोडं कलिंगड. आणि तेही नेहमीच्या जेवणातून तेवढं कमी करून. दहा किलोच्या घरबशा कुत्र्याला दिवसभरात साधारण पाचशे-सहाशे कॅलरी लागतात. तूप लावलेली एक पुरणपोळी म्हणजे त्याचं जवळजवळ निम्मं जेवण झालं. "एकच दिली हो" म्हणणाऱ्या आजोबांनी हे गणित करून बघावं. लॅब्रेडॉर पाळणाऱ्यांनी तर जास्तच, कारण त्यांच्यापैकी बऱ्याच कुत्र्यांमध्ये पोट भरल्याची जाणीव देणारा एक जनुकच अर्धवट असतो, असं केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं. तो डोळे लावून बघतो आहे म्हणजे उपाशी आहे असं नाही.

याच लॅब्रेडॉरवर झालेला एक जुना प्रयोग मला माझ्या रुग्णांना सांगायला फार आवडतो. ४८ पिल्लं घेतली, जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्श्याने कमी खायला दिलं, आणि ती मरेपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणारी कुत्री सरासरीने जवळपास दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांचं सांध्यांचं दुखणंही उशिरा सुरू झालं. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे किती, याचा विचार करा. एका केकच्या दुकानात अशी भेट विकत मिळत असती तर रांगा लागल्या असत्या.

जंताचं औषध ही दुसरी महत्त्वाची भेट, आणि इथे पुन्हा मी माझ्या प्रांतात येतो. कुत्र्याच्या विष्ठेतून पडणारी गोलकृमींची अंडी मातीत मिसळतात, मुलं मातीत खेळतात, हात तोंडात जातो. त्या अळ्या माणसाच्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही भटकतात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीखाली नागमोडी रेघ काढत सरकतात, त्याची खाज रात्रभर झोपू देत नाही. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे हायडॅटिड, यकृतात किंवा फुप्फुसात वाढणारी पाण्याची गाठ. हिचा फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. तो तिथे जातो कसा? शेळ्या-मेंढ्यांचं कच्चं काळीज, फुप्फुस कुत्र्याने खाल्लं आणि त्यात गाठ असली तर. म्हणजे वाढदिवसाला खुशीत खाटकाकडून आणून टाकलेली ती कच्ची कलेजी! कुत्र्याला त्याचा फारसा त्रास होत नाही, गाठ वाढते ती माणसात, वर्षानुवर्षं, गुपचूप. मग कधीतरी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती दिसते आणि घरात घबराट होते. मांसाहार घालणाऱ्यांना माझा विरोध नाही. नीट शिजवून घाला, आणि फीतकृमीवरचं औषध जंताच्या गोळीत आहे ना, हे पशुवैद्यकांना विचारून घ्या. सगळ्या गोळ्यांत ते नसतं.

गोचिडांचा बंदोबस्त हाही याच रांगेतला. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड माणसाला टिक टायफसचा ताप देऊ शकते. ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ, आणि डेंग्यूच्या तपासण्या निगेटिव्ह, असा रुग्ण आला की घरात कुत्रा आहे का, हे मी विचारतो. तुम्हीही न विचारता सांगत जा. गोचीड काढताना नखाने चिरडू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि हात धुवा.

लेप्टोची भीती मुंबईकरांना २६ जुलै २००५ च्या पुरानंतर वेगळी सांगायला नको, आणि सिंधुदुर्गातल्या भातशेतीवाल्यांनाही नको. उंदरांचं नाव जास्त निघतं ते बरोबरच आहे, पण लेप्टो झालेल्या कुत्र्याच्या लघवीतूनही हे जंतू बाहेर पडतात. कुत्र्यांच्या एकत्रित लशीत लेप्टोचा भाग असतो. तो घेतला आहे का, हे कार्डावर बघा.

आता जरा हलकी भेट. फिरणं.

माझ्या दवाखान्यात रोज पाच-सात जणांना मी "चालायला जा" असं सांगतो आणि त्यांतले फार तर एक-दोन जण जातात. कुत्रा पाळलेल्यांना सांगावं लागत नाही, तो पहाटे पट्टा तोंडात धरून उभा राहतो. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटं भरभर चालावं ही सर्वमान्य शिफारस आहे. सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं कुत्र्याला फिरवलं तर पाच दिवसांत हिशोब पुरा. पण हल्ली कुत्र्याला फिरवायला माणूस ठेवतात, आणि स्वतःसाठी ट्रेडमिल घेतात. त्या ट्रेडमिलवर पुढे टॉवेल वाळत असतात. तेव्हा वाढदिवसाची भेट म्हणून त्या माणसाला आठवड्यातून तीन दिवस सुट्टी द्या आणि पट्टा स्वतःच्या हातात घ्या. कुत्र्याला तुमचा सहवास मिळेल, तुमच्या एचबीएवनसीलाही बरं वाटेल.

दोन सावधगिऱ्या. साठीच्या पुढे हाडं ठिसूळ झाली असतील तर दांडगा कुत्रा हिसका देतो तेव्हा मनगट किंवा खुबा मोडतो. अशांनी गळपट्ट्याऐवजी छातीवरून येणारा पट्टा घ्यावा, आणि दोरीचं टोक मनगटाला कधी गुंडाळू नये. ही भेट त्या ऐंशी रुपयांच्या चुंई-चुंई वाजणाऱ्या खेळण्यापेक्षा हजारपट कामाची. दुसरं, उन्हाळ्यात डांबरी रस्ता. हाताची उलटी बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळव्यांतून, बाकी सगळी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकत घालवतो. एप्रिल-मे महिन्यात पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला मखमली शेरवानी घालून फोटो काढणं मला आवडत नाही. स्पष्टच लिहितो. फोटोत तो हसतो आहे असं तुम्हाला वाटतं, तो धापा टाकत असतो.

खेळणं द्यायचंच असेल तर त्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं आणि चावून तुकडे पडणार नाहीत असं घ्या. बटन सेल असलेली, दिवे लागणारी खेळणी नकोत. पार्टीनंतर फुटलेल्या फुग्यांचे तुकडे आधी गोळा करा. कुत्रा गिळतो, आणि रांगतं बाळ असेल तर तेही.

पार्टीत मेणबत्त्या विझल्यावर कुत्र्याला केकची पहिली चाटी देऊन उरलेला मुलांना वाटायचा प्रकार मी पाहिला आहे. ज्यांची प्लीहा काढलेली आहे, केमोथेरपी चालू आहे, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत अशांनी तर कुत्र्याला तोंड किंवा जखम चाटू देऊच नये. कुत्र्याच्या तोंडातले, एरवी निरुपद्रवी असलेले जंतू अशा माणसाच्या रक्तात शिरले की प्रकरण फार झपाट्याने गंभीर होतं. बाकीच्यांनीही केक वेगळा ठेवावा, एवढं साधं आहे.

पैसे उरले, तर सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणाला द्या. तुमच्या कुत्र्याची लस झाली तरी फाटकाबाहेरच्या आठ कुत्र्यांची झाली नसेल तर तुमची मुलं सुरक्षित नाहीत. भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. शेजारच्या गोव्याने हे नेटाने केलं, आणि २०१८ साली तिथे माणसांतले रेबीजचे मृत्यू शून्यावर आले. आपल्या देशाने कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचं ठरवलं आहे. ते केवळ सरकारच्या गाड्यांनी होणार नाही. निर्बीजीकरण, लसीकरण करणाऱ्या संस्था जवळजवळ प्रत्येक शहरात आहेत, महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात चौकशी केलीत तर नावं मिळतात. तिथे गेलातच तर आपल्या कुत्र्याचा परवानाही काढून या. त्यासाठी लसीचा दाखला मागतात, त्या निमित्ताने कार्डही अद्ययावत होईल.

शेवटचा एक प्रश्न, जो मला खरंच विचारला जातो: रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याची जन्मतारीखच माहीत नसते, मग वाढदिवस कधी करायचा? पशुवैद्यक दात बघून वयाचा अंदाज देतील, तारीख मात्र तुम्हीच ठरवायची आहे. माझी सूचना, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ठरवा. लेप्टोची आणि रेबीजची लस तेव्हा घेतली की पावसाळा सुरू होईपर्यंत लेप्टोविरुद्धची प्रतिकारशक्ती तयार होते, गोचिडांचं औषधही पावसाच्या तोंडावर लागलेलं असतं, आणि मुलांना सुट्टी असते, त्यामुळे कुत्र्याला धरायला दोन हात जास्त मिळतात. फक्त पार्टी संध्याकाळी सातनंतर ठेवा, तोवर फरशी जरा निवलेली असते.